‘रिडिप्लॉयमेंट’ म्हणजे नेमके काय?
(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



परिपत्रकात ‘रिडिप्लॉयमेंट’ हा शब्द आला की कोणी म्हणतो बदली आली, कोणी म्हणतो नोकरी गेली. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. शब्दाचा अर्थ चुकला की मागणीही चुकते, म्हणून आज या एकाच शब्दाबद्दल बोलतो.

शब्द मूळचा लष्करी. ‘डिप्लॉय’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ घडी उलगडणे. रांगेत चालत आलेली फौज मैदानात पसरून उभी करणे म्हणजे ‘डिप्लॉय’. तीच फौज उचलून दुसऱ्या आघाडीवर लावणे म्हणजे ‘रिडिप्लॉय’. यात आघाडी बदलते, शिपाई फौजेतच राहतो. मात्र माघार झाकायलाही हाच शब्द वापरतात, हेही ध्यानात ठेवा.

आता शेजारचे शब्द पाहू. एका बीटाचे टपाल तीन पोस्टमनांत वाटले, तर ते ‘रिडिस्ट्रिब्यूशन’, म्हणजे फेरवाटप. तिथे काम वाटले जाते. ‘ट्रान्सफर’ म्हणजे बदली. पद तेच, ठिकाण वेगळे. ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कपात, नोकरीच संपते. रिडिप्लॉयमेंटमध्ये जुने पद जाते, नोकरी राहते. मराठीत पुनर्नियोजन म्हणा. अतिरिक्त शिक्षकांसाठी महाराष्ट्रात ‘समायोजन’ म्हणतात.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. चित्तरंजनला वाफेचे शेवटचे इंजिन १९७२ साली बांधले गेले. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक थांबली. फायरमनचे फावडे खाली ठेवले गेले. पण प्रशिक्षण घेऊन कित्येक फायरमन डिझेलच्या इंजिनावर चढले. ‘सरप्लस’ झाले ते पद. माणूस सरप्लस नसतो. टपालातही काम बदलतेच आहे: जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले.

आता खरी मेख. केंद्र सरकारच्या अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या पुनर्नियोजनाचे नियम १९९० साली झाले. त्याखाली दुसऱ्या कार्यालयात गेलेल्यांची आधीची सेवा तिथल्या ज्येष्ठतेसाठी धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले. म्हणजे नोकरी वाचते, पण वीस वर्षांचा माणूस यादीत तळाशी जातो आणि बढती लांबते.

म्हणून हा शब्द दिसला की सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागा. नवे पद कोणते? वेतनश्रेणी कोणती? ज्येष्ठता कुठून धरणार? प्रशिक्षण कोण आणि किती दिवस देणार? उत्तरे मिळाली तर ते पुनर्नियोजन. टाळाटाळ झाली तर समजा, शब्द पुनर्नियोजनाचा आहे आणि बेत कपातीचा. मग एकट्याने अर्ज करत बसू नका, युनियनकडे या.

कामगार एकजुटीचा विजय असो!