मौजेच्या वाटेवरची पायरी

आज मौजमजेबद्दल बोलायचं आहे. आपण ज्यांना सर्रास थीम पार्क म्हणतो, अशा मोठ्या मनोरंजन उद्यानात व्हीलचेअरवरचं माणूस गेलं, तर त्याच्या वाट्याला किती मौज येते, हा आजचा विषय.

माझी थोरली बहीण, आमची आपा, आता साठीची आहे. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. आमच्या पिढीत असं एखादं मूल गल्लीगल्लीत असायचं. देशातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. रोग गेला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्या रोगातून वाचलेली माणसं आपल्यातच आहेत. त्यांनाही नातवंडांबरोबर हसायचं-खेळायचं असतं.

लहानपणी गावच्या उरुसात अब्बा आपाला उचलून पाळण्यात बसवत. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण लहान मुलाला उचलणं वेगळं आणि शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाईला चारचौघांत उचलणं वेगळं. आपाला ते मुळीच खपत नाही. खुर्ची शेजारी लावायची, ब्रेक ओढायचा, हाताच्या जोरावर सरकायचं, ही तिची रीत. दोन मिनिटं लागतात, एवढंच.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या बासी ईदला, सहकुटुंब बाहेर पडायची पद्धत आहे. गेल्या वर्षी भाचे, पुतणे आणि त्यांची पोरं मिळून आम्ही अशाच एका उद्यानात गेलो. दारात उतार छान केलेला होता. तिकीट मात्र आपाचंही पूर्ण पैशांचं. आत कुठल्या खेळात तिला बसता येईल, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. खाण्याच्या जागेला एक पायरी होती. स्वच्छतागृहाच्या दारावर व्हीलचेअरचं चित्र होतं, पण दारातून खुर्ची आत जात नव्हती.

पहिल्याच मोठ्या राइडपाशी तिथल्या मुलाने मला विचारलं, "यांना बसता येतं का?" उत्तर आपाने दिलं, "मला विचार बेटा, मी इथेच आहे." मुलगा ओशाळला, पण त्याने नीट समजावून सांगितलं. राइड मध्येच बंद पडली तर माणसांना उंचावरून शिडीने उतरवावं लागतं, म्हणून स्वतःच्या पायांनी उतरू शकेल अशालाच बसवतात. आपा म्हणाली, "कारण पटलं. पण हे तिकीट काढतानाच सांगायला हवं होतं."

एवढ्यात मुलांनी आपापल्या पिशव्या, चपला, मोबाइल तिच्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली. त्यात दुष्टावा नव्हता. अशा सहलीत खुर्चीवरच्या माणसाचं काम ठरलेलंच असतं, सामान सांभाळायचं! आपाने पिशव्या एकेक करून परत केल्या आणि म्हणाली, "मीही तिकीट काढलंय."

पुढे एक छोटी आगगाडी होती. तिथला पोरगा स्वतःहून म्हणाला, "मावशी, तुम्ही कशा बसता ते सांगा, मी तसं करतो." त्याने गाडी थोडी जास्त वेळ थांबवली. आपा आपल्या रीतीने सरकून बसली. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही. गाडी फिरून आली तेव्हा मुलांबरोबर तिचाही आवाज बसला होता.

म्हणजे अडचण दरवेळी यंत्राची नसते. पुष्कळदा आधी कुणी विचारच केलेला नसतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात गॉर्डन हार्टमन या गृहस्थांनी आपल्या दिव्यांग मुलीसाठी हा विचार केला आणि २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' उभं राहिलं. तिथल्या फिरत्या चक्रात व्हीलचेअर घोड्यांशेजारी उभी राहते आणि त्यांच्यासारखीच वर-खाली होते. दिव्यांगांना तिथे प्रवेश मोफत आहे. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचे खेळही सुरू झाले. पाण्यात चालाव्यात म्हणून तिथल्या काही खुर्च्या विजेऐवजी दाबलेल्या हवेवर चालतात.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचाही उल्लेख आहे. लोकांच्या वापरातल्या खासगी जागाही त्यात येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, काही नियम सक्तीचे हवेत.

कायदा आपल्या गतीने चालेल. तोवर पुष्कळ गोष्टी बिनखर्चात होण्यासारख्या आहेत. कुठल्या खेळात कोण बसू शकेल, बसायची जागा किती उंच आहे, हे तिकीटखिडकीवर लिहावं. उतार एक फूट चढायला निदान बारा फूट लांब असावा, नाहीतर तो उतार नसून घसरगुंडी होते. दार किती रुंद आहे, हे चित्र लावण्याआधी खुर्ची आत नेऊन बघावं.

आणि घरच्यांनीही सहल ठरवताना खुर्चीवरच्या माणसाला "तू येशील ना?" एवढंच विचारू नये. "तुला कशात बसायचंय?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाने ते माणूस बरोबर येतं, दुसऱ्याने ते सहलीत सामील होतं. सामान ठेवायला तिथे लॉकर असतात. त्याचं भाडं फार नसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)