ताशाचा कडकडाट आणि आपले कान

गणपती जवळ आले की पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रंगतो. त्या ठेक्याने अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा! पण घरी आल्यावर कानात कुंईऽऽ असा आवाज घुमत असेल, आईची हाक दबकी वाटत असेल, तर दमलो म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक आंतरकर्णात साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. दणदणाटाने त्या दुखावतात आणि एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

कामाच्या ठिकाणचा एक निकष सांगतो, की ८५ डेसिबल आवाजात फार तर ८ तास राहावं. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं!

कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही. फोमचे इअरप्लग आणा. बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. ठेका तरीही छातीत वाजतोच. लहानग्यांना खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहू नका, हे मात्र हात जोडून सांगते. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.