चालण्याजोगे नगर, आरोग्याचा पाया
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)

सन्माननीय विश्वस्त, उदार देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्टहो,



हृदयविकार वा मधुमेहाच्या उपचारांनंतर घरी निघालेल्या रुग्णाच्या कागदावर आम्ही एक ओळ आवर्जून लिहितो : ‘रोज अर्धा तास चालावे.’ हे औषध विनामूल्य आहे. तरीही ते अनेकांना लाभत नाही. फेरतपासणीस आलेले ज्येष्ठ नागरिक विचारतात, “डॉक्टरसाहेब, चालायचे कुठे?” पदपथावर वाहने उभी असतात, जागोजागी फरशा उखडलेल्या असतात आणि समोरच्या उद्यानात जाण्यासाठी भरधाव वाहनांचा रुंद रस्ता ओलांडावा लागतो. मग मुलाला सुट्टी असेल त्या दिवशी मोटारीने उद्यानात जायचे, तेवढेच चालणे! हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो.

चालण्याचे मोल वैद्यकशास्त्राने फार पूर्वी जाणले. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. मात्र हा व्यायाम बहुसंख्य लोकांकडून व्यायामशाळेत होत नाही. तो बाजार, शाळा आणि स्थानकाच्या वाटेवर सहज घडतो. ती वाट तुटली की व्यायामही तुटतो.

नवी मुंबईची मूळ कल्पना पादचाऱ्याला विसरणारी नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या नगराचा विचार मांडला आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सार्वजनिक वाहतुकीने जोडलेल्या नोडांची माळ आणि नोडाच्या पोटात शाळा, दुकाने व मोकळ्या जागा असलेले सेक्टर, अशी ही रचना होती. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरे एकेका लहानशा चौकाभोवती बसवली. दाराबाहेर पाऊल टाकले की शेजार भेटावा, हा त्यामागचा विचार.

पुढे मात्र तोल ढळला. वाशीला रेल्वे पोहोचली ती १९९२ मध्ये. बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली नोव्हेंबर २०२३ मध्ये. दरम्यान घरोघरी दुचाकी आल्या, मोटारी आल्या. वाहनांच्या सोयीसाठी रस्ते रुंद झाले, रुंद रस्ता ओलांडणे कठीण झाले, म्हणून जवळच्या कामासाठीही माणसे वाहन काढू लागली आणि वाहने आणखी वाढली. असे हे दुष्टचक्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर तर दुचाकी व रिक्षांनाही प्रवेश नाही.

ह्याची किंमत केवळ वाढत्या वजनात मोजता येत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. आणि जे घराबाहेर पडणेच सोडून देतात, त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. एकाकीपणा, दुबळे होत जाणारे स्नायू, चुकलेली फेरतपासणी ह्या रूपाने ती किंमत रुग्णालयाच्या दारी येते.

तरीही आम्ही आशावादी आहोत. अमेरिकेतील अनेक उपनगरांत घरापासून दुकान इतके दूर ठेवलेले असते, की दुधाच्या पिशवीसाठीही मोटार लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसे नाही. वाणी, औषधांचे दुकान, शाळा आजही सेक्टरातच आहेत. अंतर थोडे आहे. तुटली आहे ती केवळ वाट. नगर नव्याने वसवण्याची गरज नाही, वाट सांधली तरी पुरे. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये स्पष्ट केले, की पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की आरंभ आपल्याच फाटकापासून व्हावा : समोरील पदपथावर रुग्णालयाशी संबंधित एकही वाहन उभे राहू नये, चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा आणि बसथांब्यापासून प्रवेशद्वारापर्यंत बसण्यास बाके असावीत. देणगीदारांनी नव्या यंत्रांप्रमाणेच ह्या साध्या कामांनाही हातभार लावावा. कुटुंबीयांनी आपल्या सोसायटीसमोरील पदपथ मोकळा राहील हे पाहावे, रस्ता ओलांडण्यास सिग्नलवर पुरेसा वेळ मिळावा म्हणून महानगरपालिकेकडे लेखी मागणी करावी आणि घरातील वडीलधाऱ्यांसोबत संध्याकाळी चार पावले चालावे.

शस्त्रक्रियेने माणूस पायांवर उभा राहतो. त्याला चालते ठेवणे हे साऱ्या नगराचे काम आहे. ह्या कार्यात आपली साथ लाभेल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.