शेअर बाजार : ताकद कशी ओळखावी, थकवा कसा ओळखावा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात सोसायटीच्या सभासदांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय घरातली गुंतवणूक म्हणजे बँकेची एफडी, पोस्टाची योजना, थोडं सोनं आणि जमलं तर सावेडीकडे एखादा प्लॉट. आज मुलांच्या मोबाईलवर डिमॅट खातं आहे, आणि निवृत्त मंडळीही सकाळी चहाबरोबर निफ्टी बघतात. म्हणून कमिटीने विषय दिला, ‘टेक्निकल अ‍ॅनालिसिस’. नाव मोठं आहे, पण मूळ गोष्ट साधी आहे. कंपनीचा ताळेबंद बाजूला ठेवून, शेअरचा भाव आणि त्यातली उलाढाल कशी चालली आहे ते पाहायचं आणि त्यावरून बाजारातला जोर ओळखायचा.

हे शास्त्र आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. नेप्तीला किंवा घोडेगावला कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते निम्मं येतंच. रोजच्यापेक्षा जास्त गाड्या आल्या, तरी भाव टिकला, तर व्यापारी म्हणतो, ‘मालाला उठाव आहे.’ उलट आवक कमी होऊनही भाव जागचा हलत नसेल, तर तो सावध होतो. नुसता आजचा भाव ऐकून तो मत बनवत नाही. दबाव आल्यावर भाव कसा वागला, हे तो बघतो. शेअरची ताकद ओळखायची ती अशीच. जपानमध्ये अठराव्या शतकात तांदळाच्या बाजारात हेच चालायचं. आज ज्याला आपण ‘कँडलस्टिक’ चार्ट म्हणतो, त्याची परंपरा तिथल्या होम्मा मुनेहिसा या व्यापाऱ्याच्या नावाशी जोडली जाते. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी १८९६ मध्ये आपला प्रसिद्ध निर्देशांक सुरू केला आणि त्यांच्या लेखनातून पुढे ‘डाऊ थिअरी’ तयार झाली.

आता प्रत्यक्ष काय पाहायचं? चार गोष्टी सांगतो.

पहिली, पायऱ्या. भाव सरळ रेषेत कधीच चढत नाही. चढतो, थोडा उतरतो, परत चढतो. प्रत्येक नवं शिखर आधीच्या शिखरापेक्षा वर आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळापेक्षा वर असेल, तर ती ताकद. शिखरं आणि तळ दोन्ही खाली सरकायला लागले, की थकवा आला समजा.

दुसरी, २०० दिवसांची सरासरी. बाजाराच्या गेल्या २०० कामकाजाच्या दिवसांतल्या बंद भावांची ही सरासरी असते. कुठल्याही चार्टवर तिची रेघ दिसते. भाव तिच्या वर आणि रेघही चढती असेल, तर दीर्घकाळचा कल चांगला. भाव खाली आणि रेघ उतरती असेल, तर ‘स्वस्त मिळतोय’ म्हणून धावू नका.

तिसरी, उलाढाल, म्हणजे व्हॉल्यूम. भाव वाढताना उलाढाल वाढली, तर त्या वाढीमागे खरे खरेदीदार आहेत. भाव वाढतोय पण उलाढाल आटतेय, तर ती वाढ पोकळ असू शकते. एनएसई रोज डिलिव्हरीचे आकडेही देते. शेअर खरोखर घरी नेणारे किती होते, याचा अंदाज त्यातून येतो.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, म्हणजे तुलना. निफ्टी पडत असताना कोण कमी पडतंय? निफ्टी चढताना कोण मागे राहतंय? २०२० चं उदाहरण घ्या. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला. सगळंच पडलं होतं. पण एप्रिल उजाडताच औषध कंपन्या झपाट्याने सावरल्या आणि बँका मात्र रेंगाळल्या. वर्ष संपलं तेव्हा निफ्टी सुमारे १५ टक्के वर होता, निफ्टी फार्मा सुमारे ६० टक्के वर, आणि बँक निफ्टी मात्र वर्षाच्या सुरुवातीपेक्षा थोडा खालीच. हा फरक पहिल्या काही आठवड्यांतच चार्टवर दिसत होता.

इथे एक गोंधळ दूर करतो. या तुलनेला ‘रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ’ म्हणतात. ‘आरएसआय’ नावाचं जे मोजमाप आहे, ते वेगळं. ते वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यात शेअरची तुलना स्वतःच्याच मागच्या दिवसांशी होते आणि आकडा ० ते १०० मध्ये येतो. ७० च्या वर गेला की विका, ३० च्या खाली गेला की घ्या, असं मोबाईलवर शिकवतात. पण जोरदार तेजीत आरएसआय आठवडेच्या आठवडे वरच राहू शकतो, आणि मंदीत खालीच. एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

थकव्याचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. पुढच्या महिन्यात तो जोरात कोसळला. मग अधूनमधून उसळ्या आल्या, तरी एकंदरीत तो खालीच घसरत गेला. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्सने ४२,००० ओलांडून नवा उच्चांक केला, तेव्हा हा शेअर पन्नाशीच्याही खाली होता. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना ५० हजारांची मर्यादा आली. बँकेत आत काय चाललंय हे चार्टला ठाऊक नव्हतं, पण विक्रीचा जोर मोठा आहे हे तो बऱ्याच आधीपासून सांगत होता. ‘३०० ला घेतला, आता १५० ला आणखी घेऊन सरासरी करू,’ हा हिशेब अशा वेळी फार महाग पडतो. पडत्या शेअरमध्ये भर घालण्याआधी निदान त्याच्या पायऱ्या तरी पाहाव्यात.

आता या विद्येची मर्यादा. चार्ट झालेलं सांगतो, उद्याचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि आपल्या बाजारात भाव एकदम उतरले. आदल्या दिवशीच्या लिलावावरून ते कुणाला कळणार होतं? ३ जून २०२४ ला सेन्सेक्स विक्रमी पातळीवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल आले आणि तो जवळपास ४,४०० अंकांनी खाली आला. म्हणून खरेदी करतानाच ठरवून ठेवायचं, की अमुक भावाखाली गेला तर आपण बाहेर. यालाच ‘स्टॉप लॉस’ म्हणतात. आणि तो ठरवल्यावर पाळायचा.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे, पण आज तोच सर्वांत महत्त्वाचा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. यातल्या अनेकांकडेही चार्ट होतेच की! तेव्हा चार्ट शिकलो म्हणून ऑप्शन्समध्ये उडी मारायची, हे करू नका.

आणि आपल्याच जिल्ह्यात काय झालं? शेवगाव भागात शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली महिन्याला दहा टक्के, त्याहूनही जास्त परताव्याचं आमिष दाखवलं गेलं. लोकांनी शेतीचे, निवृत्तीचे पैसे दिले आणि घेणारे पसार झाले. हा हिशेब घरी मुलांना करायला सांगा. महिन्याला दहा टक्के चक्रवाढीने एक लाखाचे वर्षात तीन लाखांवर जातात आणि पाच वर्षांत तीन कोटींवर. असं ज्याला जमतं, तो तुमच्या दारात पैसे मागायला कशाला येईल?

म्हणून तीन गोष्टी पाळा. पैसे फक्त आपल्या नावाच्या डिमॅट आणि ट्रेडिंग खात्यातच ठेवा, दुसऱ्याच्या खात्यावर पाठवू नका. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. आणि औषधपाण्याचे, मुलीच्या शिक्षणाचे, घराच्या हप्त्याचे पैसे बाजारात आणूच नका. उरलेल्या थोड्या पैशांवर शिकायचं असेल, तर पहिले सहा महिने नुसते चार्ट बघा. वहीत लिहा, निफ्टी पडला तेव्हा कोण टिकलं, कोण आधी पडलं. शिकवणीला पैसे लागत नाहीत, वही मात्र रोज लिहावी लागते.

इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण वेळेवर करून घेतो, भेग दिसली की प्लास्टर पडायची वाट बघत नाही. आपल्या शेअर्सकडेही तसंच बघत चला.