चित्रांच्या चौकटीत आपले स्थलांतर
(गणेशोत्सवानिमित्त तिरुवलंचुळी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कावेरी उजवीकडे वळते म्हणून या गावाला तिरुवलंचुळी नाव पडले, असे सांगतात. येथील श्वेत विनायकाची कथाही आपणांस ठाऊक आहे. समुद्रमंथनाच्या फेसापासून घडलेली ही मूर्ती इंद्राने येथे टेकवली आणि मग ती काही केल्या उचलेना. म्हणजे आपले बाप्पासुद्धा इथे बाहेरूनच आले आणि इथलेच झाले! तेव्हा स्थलांतर या विषयावर बोलायला याहून चांगली जागा कोणती?

समितीने मला विषय दिला, ‘मुलांना आपले स्थलांतर कसे शिकवावे?’ प्रश्न साधा वाटतो. पण आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला विचारून पाहा, ‘आपण इथे का आलो?’ बहुतेक मुले सांगतील, ‘धंद्यासाठी.’ पुढे एक वाक्यही येणार नाही. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण ही नावे त्यांना सुट्टीतले गाव म्हणून ठाऊक असतात. तिथला दुष्काळ, कोरडी विहीर, आजोबांचा पहिला रेल्वेप्रवास हे काही त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. आणि हे सांगणारी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. ती गेली की त्यांच्याबरोबर हा इतिहासही जाईल, कारण तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पाठ्यपुस्तकात राजांचा इतिहास आहे, आणि तो असायलाच हवा. व्यंकोजीराजांनी 1670च्या दशकात तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत भोसल्यांची गादी येथे टिकली. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा मोठा मराठी शिलालेख, आणि तो तमिळ देशी! पण त्या भिंतीवर राजे आहेत. त्यांच्यामागे आलेले कारकून, शिलेदार, कीर्तनकार, स्वयंपाकी यांच्या कुटुंबांची हकिगत मुलाला तिथे सापडत नाही. त्यांच्या वंशजांच्या घरात दक्षिणी मराठी आजही बोलली जाते. लिहिली मात्र फार थोडी जाते. तीनशे वर्षांपूर्वी आलेले आणि काही दशकांपूर्वी मूस व भट्टी घेऊन आलेले, अशी आपण दोन्ही मंडळी आज एकाच मांडवात बसलो आहोत. मात्र एकमेकांची गोष्ट एकमेकांना सांगितलेली नाही.

ही गोष्ट चित्रकथेच्या रूपाने सांगावी असे माझे म्हणणे आहे. काही पालक म्हणतील, गुरुजी, चित्रांची पुस्तके म्हणजे करमणूक. तर बंधूंनो, चित्र दाखवून कथा सांगणे ही आपली जुनी विद्या आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. त्यांतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. 1967 मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि घरोघरची मुले पुराणे व इतिहास चित्रांतून वाचू लागली. जगातही हेच झाले. आर्ट स्पीगेलमन या अमेरिकन चित्रकाराने वडिलांना समोर बसवून त्यांची हिटलरच्या काळातली कहाणी ऐकली आणि ती ‘माउस’ या चित्रकादंबरीत मांडली. तिला 1992 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. मुलाने बापाला विचारायचे आणि ऐकलेले चित्रात उतरवायचे, ही पद्धत आपल्या मुलांनाही सहज जमेल.

दुसरे उदाहरण तर आपल्यासाठीच काढल्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन यांचे ‘द अरायव्हल’ हे पुस्तक 2006 साली आले. एक माणूस बायकामुलांना मागे ठेवून, एक पेटी घेऊन परक्या देशात जातो. पुस्तकात संवादाचा एक शब्द नाही. त्या देशातल्या पाट्यांची लिपी चित्रकाराने मनाने रचली आहे, त्यामुळे वाचकालाही ती वाचता येत नाही. वाचणारा आपोआप त्या नवख्या माणसाच्या जागी उभा राहतो. आमचे आजोबा कुंभकोणमच्या स्थानकावर उतरले तेव्हा समोरच्या तमिळ पाट्या त्यांना अशाच दिसल्या असतील! दहा पाने व्याख्यान देऊन जे मुलाला कळणार नाही, ते एका चित्रात कळते. चित्राची ताकद आहे ती ही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. एक कुटुंब, एक गोष्ट, आठ पाने. चित्र सुबक नसले तरी चालेल. मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांना पाच प्रश्न विचारावेत. गाव का सोडले? बरोबर काय आणले? इथे पहिली खोली कोणी दिली? पहिला तमिळ शब्द कोणता शिकलात? मागे कोण राहिले? शेवटचा प्रश्न आजीला आवर्जून विचारावा. त्याचे उत्तर तिच्याकडेच असते. चित्रातली माणसे आपापल्या भाषेत बोलू द्यावीत. घरमालकाच्या तोंडी तमिळ, आजोबांच्या तोंडी माणदेशी मराठी. यात नवल काही नाही. तंजावरच्या शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदवल्या. याच राजांनी 1693 मध्ये येथून जवळचे तिरुविसनल्लूर विद्वानांना दान दिले. भाषांची सरमिसळ ही या मातीची रीतच आहे.

दंतकथाही येऊ द्याव्यात, पण चौकटीवर ‘दंतकथा’ असे स्पष्ट लिहावे. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले ही गोष्ट सर्वांना आवडते, पण तिला त्या काळचा पुरावा नाही. ऐकलेले आणि सिद्ध झालेले यांतला फरक मुलाला इथेच शिकवता येतो.

आता थोडे कटू बोलतो, राग मानू नये. आपल्या चित्रकथेत केवळ कौतुकाची पाने असतील तर ती जाहिरात होईल. तीन पाने अवघड आहेत आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. पहिले पान त्या पोरांचे, जी लहान वयात शाळा सोडून भट्टीवर कामाला आली आणि तेजाबाच्या धुरात वाढली. त्यांच्या घामावर आपली दुकाने उभी राहिली. दुसरे पान राजांचे. मराठे येथे पाहुणे म्हणून आले नव्हते, फौज घेऊन आले होते. इथल्या लोकांना ते कसे दिसले असेल, हेही मुलाने विचारावे. तिसरे पान मुंबईचे. तिरुनेलवेलीकडून गेलेले तमिळ लोक धारावीत कातडी कमावण्याच्या धंद्यात राबले. 1960च्या दशकात त्याच मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध चळवळ झाली, त्यांच्या उपाहारगृहांवर हल्ले झाले. इथे आपल्याला खोली देणारा घरमालक त्यांचाच भाऊबंद. आपल्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर त्याला त्या खोलीचे मोलही कळणार नाही.

मग ऑनलाइन पाठ कशासाठी? कारण आपली गोष्ट दोन गावांत विभागलेली आहे. अर्धी इथे, अर्धी माणदेशात. 2020च्या टाळेबंदीत इथली मुले आणि गावाकडची त्यांची भावंडे एकाच वेळी मोबाइलसमोर बसून शिकत होती. त्याच मोबाइलवर त्यांची एकत्र शाळा भरवता येईल. महिन्यातून दोन रविवार, अर्धा तास. एका रविवारी गावचे आजोबा विहीर आणि शेत दाखवतील, दुसऱ्या रविवारी इथली मुले आपली पाने वाचून दाखवतील. परदेशातील तमिळ मुलांसाठी तमिळनाडू सरकारने 2001 मध्येच इंटरनेटवरचे तमिळ विद्यापीठ काढले. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. आपल्याला विद्यापीठ काढायचे नाही. एक फोन, एक वही आणि ऐकणारे कान पुरेत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कोणाची घरची अडचण, कर्ज, भांडण त्याच्या परवानगीवाचून चित्रात काढू नये आणि पुढे पाठवूही नये.

समितीला माझी एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जाहिरातींची चार पाने कमी करून मुलांच्या चित्रकथांना द्यावीत. खाली तमिळ अनुवाद असावा, म्हणजे शेजारचा वर्गमित्रही वाचील. आणि पहिली चित्रकथा गलाई बांधवांच्या मुलाने एखाद्या तंजावरी मराठी आजींची काढावी, दुसरी तंजावरी घरातील मुलीने एखाद्या गलाई कारागिराची. म्हणजे एकाच मांडवात बसणारी आपली दोन घरे एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत येतील.

बालमित्रांनो, हा गृहपाठ तुमच्यासाठी आहे. आज रात्री आरती झाली की आजी-आजोबांच्या शेजारी बसा आणि पहिला प्रश्न विचारा. पेन्सिल नंतर उचला, आधी ऐका.

 गणपती बाप्पा मोरया!