खाडा आणि सुट्टी



दूधवाला आला नाही की आपण कालनिर्णयवर 'खाडा' लिहितो आणि महिनाअखेरीला पैसे वजा करतो. व्यायामाचा खाडा झाला की मात्र वजन वाढतं, अशी आपली खात्री असते. म्हणून गुडघा ठणकत असला तरी माणूस पहाटे बूट चढवतो.

आता हिशेब मांडू. सत्तर किलोचा माणूस तासभर झपाझप चालला, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे २०० कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत असतात साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे एका खाड्यानं जळायची राहिलेली चरबी पंचवीस-सव्वीस ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांचं वजन तेवढंच भरतं.

मग रविवारच्या खाड्यानंतर सोमवारी सकाळी काटा किलोभर पुढे कसा? पाण्यामुळे. पोळी-भातातून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, मोठ्या माणसात सगळं मिळून सुमारे ५०० ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. व्यायामानं हे कोठार उपसलं जातं, सुट्टीच्या दिवशी पुन्हा भरतं. त्यात रविवारचं मटण, पापड, लोणचं. मीठ आणखी पाणी अडवतं. शनिवारी हौसेनं जास्त बैठका मारल्या असतील तर मांड्या भरून येतात, तिथंही पाणीच. एका रात्रीत किलोभर चरबी चढवायची तर गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. पैजेच्या पंगतीतसुद्धा हे अवघड आहे!

सुट्टी नडते ती दुसरीकडून. 'आठवडाभर घाम गाळलाय' म्हणून दोन वडापाव जास्त जातात आणि उरलेला दिवस सोफ्यावर. सुट्टी दंड-बैठकांना असते; बाजारात पायी जायला, जिने चढायला कुणी मनाई केलेली नाही. घरातल्या बाईला तर या हालचालींची सुट्टी मिळतच नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

जड वजनं उचलल्यावर त्याच स्नायूंना सावरायला एक-दोन दिवस लागतात. साध्या चालण्याला एवढी विश्रांती लागत नाही. ते रोज चालू ठेवलं तरी चालतं.

आणि झोप. शिकागोतल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जास्त वजनाची दहा माणसं, आहार मोजका. दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात, दुसरे दोन आठवडे साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच, तीनेक किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत जेमतेम ०.६. बाकीची घट चरबी सोडून शरीरातल्या इतर ऐवजाची, त्यात स्नायूही आले. काट्याला यातलं काहीच दिसत नाही.

तेव्हा पहाटे चारचा गजर लावून, रात्री बारापर्यंत मोबाइल चाळणाऱ्यांनी उद्याचा खाडा बेलाशक करावा. सहापर्यंत झोपावं.