वय किती झालं?

(शताब्दी वर्षाच्या वारीत मुक्कामी झालेल्या प्रवचनातील भाग)



वारीत आपण रोज एक गोष्ट करतो. सत्तरीचा माळकरी वाकतो आणि दहा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. पोरगंही वाकतं. वय कुणी विचारत नाही. मग गावी परततो, चातुर्मास सरतो, तुळशीचं लग्न लागतं आणि चौकशी सुरू होते. “वय किती झालं? औंदा तरी लाडू देणार का?”

या एका प्रश्नापायी तिशी ओलांडलेली कितीतरी शेतकरी पोरं दुसऱ्याच्या मांडवात जायची बंद झाली. जमीन आहे, कष्टाला मागं नाहीत, पण नोकरी नाही म्हणून स्थळ जमत नाही. यात त्यांचा काय गुन्हा? आणि आपण पारावर बसून त्यांची वर्षं मोजतो.

हीच मोजपट्टी संतांना लावून बघा. माऊलींनी शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा वय पंधराच्या आसपास. एकविसाव्या वर्षी समाधी. चौघा भावंडांत कुणाचंच लग्न नाही. मुंजीचं वय झालं, तर समाजानं मुंजही होऊ दिली नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. म्हणजे वेळेत कर म्हणणारेही आपणच आणि वाट अडवणारेही आपणच!

उलट नामदेवराय. वेळेवर संसार, लेकरंबाळं, सगळं झालेलं. माऊलींपेक्षा पाच वर्षांनी थोरले, मुक्ताईपेक्षा नऊ. पण गोरोबाकाकांनी थापटणं हाती घेतलं तेव्हा कच्चं मडकं निघालं ते त्यांचंच. राग आला, देवाकडं गाऱ्हाणं नेलं, आणि मग विसोबा खेचरांना शरण गेले. पुढं हेच नामदेवराय नाम घेऊन पंजाबापर्यंत पोचले. चांगदेवांना तर चौदाशे वर्षांचे म्हणतात, आणि त्यांनी गुरू केलं ते मुक्ताईला. नातीच्या नातीपेक्षा लहान म्हणा ना!

आता आयाबायांसाठी एक कडू बोलतो. पोराचं वय निघून चाललं म्हणून घाई होते आणि ती घाई कुणाच्या तरी दहावीतल्या पोरीवर येऊन पडते. “चांगलं स्थळ आलंय, परत यायचं नाही,” म्हणून शाळा सुटते. कायद्यानं मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मांडव पडतो, आणि गळ्यात माळ असलेले आपण पुढच्या रांगेत अक्षता घेऊन उभे!

दिंडीच्या या शंभराव्या वर्षी माझं मागणं एवढंच. तिशीच्या पोराला वय विचारू नका. त्याला टाळ द्या, पखवाजापाशी बसवा. आणि पत्रिका आली की मुलीचं वय मात्र जरूर विचारा. अठरा भरली नसतील तर अक्षता हातात घेऊ नका, पाहुणा कितीही जवळचा असो. लेकरांच्या मदतीसाठी 1098 हा फोन नंबर आहे. तो आपल्या विणेकऱ्याला, चोपदाराला, तुळस घेणाऱ्या प्रत्येक माऊलीला पाठ असू द्या.

रामकृष्ण हरी.